फुवांचं दशक

आमच्या फुवांच्या मते जगात जे काही घडायचं होतं ते सगळं नव्वद ते दोन हजार या सालांमध्ये घडून गेलं. त्यानंतर चाललंय ते नुसतं पुनःप्रक्षेपण. हे मत ते कुणालाही, कुठेही, न विचारता ऐकवतात. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आणि फुई म्हटली की तिच्या मागोमाग फुवा आलेच. जळगावात मेहरूणला त्यांचं घर आहे. पहिल्याच खोलीत लाकडी खोक्यांचे जुने टीव्ही एकावर एक रचून ठेवलेत, त्यातला एकही चालत नाही. आणि जो चालतो त्या भिंतीवरच्या सपाट टीव्हीकडे फुवा पाठ करून बसलेले असतात. "ज्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल घालून फुलदाणी ठेवता येत नाही, तो टीव्ही कसला?" असा त्यांचा सवाल आहे. फुईने एकदा रागारागाने सांगून टाकलं की फुलदाणी सोळा वर्षांपूर्वीच फुटली, आता तरी विषय सोडा. त्यावर फुवा नवी फुलदाणी घेऊन आले.

घरातल्या कुठल्याही गोष्टीची तारीख फुवांना आकड्यात येत नाही. त्यांना घटना लागते. फुईचं मंगळसूत्र हरवलं ते आखाती युद्धात, म्हणजे तिकडे युद्ध चालू होतं तेव्हा. धाकट्या काकांचं लग्न खग्रास ग्रहणाच्या आधी. गणपती दूध प्यायले त्याच दिवशी गल्लीतल्या शर्माजींच्या म्हशीने दूध देणं बंद केलं, आणि या दोन गोष्टींचा संबंध काय यावर फुवा आजही तासभर बोलू शकतात. माझा जन्म रशिया फुटला त्या आठवड्यातला. मला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आईने सहज जन्मवेळ विचारली, तर फुवा माझ्या वडिलांच्या आधी म्हणाले, "लिहून घ्या. तिकडे मॉस्कोत झेंडा उतरला आणि इकडे ही रडली." पाहुण्या बाई बराच वेळ कुजबुजत राहिल्या. त्यांना वाटलं, आमच्या घराण्यात मॉस्को नावाचं काहीतरी दुखणं आहे. लग्न तरीही जमलं, कारण मुलाचे वडील फुवांपाशी येऊन हळूच म्हणाले, तो झेंडा उतरला तेव्हा मीसुद्धा टीव्हीसमोरच होतो हो.

हे वेड त्यांना लागलं ते धंद्यामुळे. त्या काळात फुवांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यात त्यांचे भागीदार होते शिंदखेड्याचे नाना. नाना कामासाठी म्हणून जळगावात आले, फुवांच्या माडीवर भाड्याने राहिले आणि बघता बघता घरचेच झाले. दुकानाची वाटणी सरळ होती: हात नानांचे, तोंड फुवांचं. नाना डोळ्याला भिंग लावून टीव्हीच्या पोटात शिरायचे आणि बाहेर गिऱ्हाइकाला फुवा सांगत बसायचे की अख्खा रशिया फुटला तिथे तुमच्या टीव्हीचं एवढं काय घेऊन बसलात. गच्चीवर अँटेना फिरवायला नाना चढायचे. "आलं का?" ते वरून विचारायचे, आणि खाली फुवा पडद्यावरच्या मुंग्या बघत ओरडायचे, "आफ्रिकेतला कैदी सुटला, नाना, पण त्याचं डोकं दिसत नाहीये, जरा डावीकडे घ्या!"

लग्नसराईत हे दोघं रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर घेऊन यावलच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये जायचे. एका गावात भर मांडवात, सिनेमा ऐन रंगात आलेला असताना जनरेटर बंद पडला. नाना खाली मान घालून दुरुस्तीला लागले आणि फुवा खुर्चीवर उभे राहून उरलेला सिनेमा तोंडाने सांगू लागले, मारामाऱ्यांच्या आवाजांसकट. लोक इतके गुंगले की जनरेटर सुरू झाल्यावर वऱ्हाडातल्या एका आजीबाईंनी नानांनाच दम दिला, "बंद कर रे ते, ऐकू दे." परतीच्या वाटेवर नाना फक्त एवढंच म्हणाले की मूळ सिनेमात खलनायक मरत नाही. "मग मरायला पाहिजे होता," फुवा म्हणाले. हा किस्सा मी दोघांकडूनही ऐकलाय आणि दोघेही तो सांगताना एकमेकांकडेच बघायचे.

पुढे घरोघरी टीव्ही आले, बिघडेनासे झाले, बिघडले की लोक नवे घेऊ लागले. दुकान बंद झालं. नाना शिंदखेड्याला शेतीकडे परतले आणि फुवा मागे राहिले, नव्वद सालात.

पण फुवा नुसते आठवणी काढत बसणारे नाहीत. त्यांनी त्या दशकाची व्यवस्थित सोय लावली. दर हिवाळ्यात, वांगी भरात आली की, यावल रस्त्यावरच्या चुलतभावाच्या केळीच्या बागेजवळ ते भरीत पार्टी घालतात. भरीत पार्टी आमच्याकडे सगळेच करतात, पण फुवांच्या पार्टीला एक नियम आहे. शेताचा बांध ओलांडला की साल बदलतं. फुवा बांधावर उभे राहून जाहीर करतात, "यंदा एक्क्याण्णव!" आणि तिथून पुढे दुपार उतरेपर्यंत सगळ्यांनी त्या सालात राहायचं. मोबाइल फुईकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांच्या टोपलीत जमा. पुढच्या सालातली गोष्ट ज्याच्या तोंडून निघेल त्याने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या धुरात बसून वांगी उलटायची. मी एकदा सहज 'ऑनलाइन' म्हणून गेले तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत वांगी भाजली. फुईला मात्र शिक्षा करायची फुवांची छाती होत नाही. ती दरवर्षी ऐकवते, "साल परत आणलं ना? मंग माही त्या सालातली कंबर बी आना."

या खेळात नानांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिंदखेड्याहून पॅसेंजरने यायचे, बांध ओलांडताना एकदा डोळे मिटायचे आणि उघडले की थेट त्या सालात. लाकडी बडगीत वांगी ठेचता ठेचता चिंता करायचे, "भाऊ, तठे युद्ध पेटेल शे, आपला जनरेटरले डिझेल भेटी का?" आणि फुवा तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, "दोन डबे भरून ठेवू, नाना." बाकीचे आम्ही हसायचो. ते दोघे हसायचे नाहीत.

तीन-चार हिवाळ्यांपूर्वी नानांच्या सुनेचा फोन आला. बाबांना आताशा लक्षात राहत नाही, घरातल्या माणसांची नावं चुकतात, यंदा बोलावू नका, म्हणाली. फुवा म्हणाले, "बेटा, तू फक्त गाडीत बसवून दे." नाना आले आणि त्या वर्षी इतके छान खेळले की मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग जेवणं अर्धी झाली असताना ते एकदम उठले. "लवकर निंघनं पडी भाऊ, बायको घर वाट देखी ऱ्हायनी." त्यांची बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा फुवाच त्यांच्या शेजारी उभे होते. पुऱ्या हातात तशाच राहिल्या. फुवांनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "हो नाना. आधी पोटभर जेवा, मग सोडतो तुम्हाला." तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं की आपण खेळतोय, नाना खेळत नाहीत.

त्यानंतर फुवांना एकच ध्यास लागला. नानांनी जग विसरावं, पण आपल्याला विसरू नये. आणि त्याची त्यांना खात्रीही होती, कारण नाना ज्या सालांमध्ये जाऊन राहिलेत तिथे तर मी पानोपानी आहे, असं ते म्हणायचे. "सगळं दशकच आमचं आहे. तिथे मला चुकवून जाईल कुठे?" पार्टी जवळ आली की फुवा सारखे फोन करायचे, सुनेला सांगायचे, त्यांना रशियाचं विचार, जनरेटरचं विचार, माझं नाव काढतात का बघ. ती बिचारी सांगायची, काढतात की, रोज काढतात.

मागच्या हिवाळ्यात मीच माझ्या गाडीने नानांना आणायला गेले. वाटेत ते खुशीत होते, बाहेरच्या कपाशीकडे बघत होते. बांधापाशी फुवा उभे होते, साल जाहीर करायच्या तयारीत. नाना उतरले, त्यांनी फुवांकडे नीट निरखून पाहिलं आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "आबा, तुम्ही का बरं इतला उनमा उभा? तुमना पोऱ्या कोठे शे?"

आबा म्हणजे फुवांचे वडील. दुकानाच्या पायरीवर टोपी मांडीवर ठेवून बसलेले असायचे, नाना त्यांना रोज चहा आणून द्यायचे. फुवा आता हुबेहूब त्यांच्यासारखे दिसतात, तेच पांढरे केस, तीच पुढे आलेली हनुवटी. आम्ही ते गमतीने नेहमी म्हणायचो. नानांच्या डोळ्यांसमोरचा दोस्त मात्र काळ्याभोर केसांचा, मोठ्या कॉलरचा शर्ट घालणारा होता. फुवा म्हणाले, "नाना, अहो मीच तो." नाना समजुतीने हसले, वडीलधाऱ्या माणसाने मस्करी केली तर हसावं तसे. "मजाक करतस का आबा? तो अजून चाळीसनाबी नही."

मला रडूच आलं. आयुष्यभर जो माणूस त्या दशकाला चिकटून बसला, त्याला त्याच दशकाच्या दारात ओळख विचारली जावी, याचा मला भयंकर राग आला. कुणाचा ते मात्र सांगता येणार नाही. फुवांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर आहे. तो गेलाय यावलला, टीव्ही घेऊन. येईल. चल बाळा, तोवर आपण बसू." नानांना त्यांनी अरे-तुरे केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोघं केळीच्या सावलीत सतरंजीवर बसले. नाना आबांसमोर अदबीने मांडी घालून बसले होते, आणि थोड्या वेळाने आवाज खाली आणून म्हणाले, "आबा, एक सांगू? मन्ही बायको धुळाले दवाखानामा व्हती ना, तव्हय तुमना पोऱ्या दुकान बंद करी मन्हा जोडे बसना. इतला बडबड्या माणूस, पण एक शब्द बोलना नही. नुसता बठी राह्यना." फुवांनी मान हलवली. "हाई मी त्याले कधी सांगं नही," नाना म्हणाले. "तुम्ही बी सांगू नका. नहीते डोकावर चढी जाई."

"नाही सांगत," फुवा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी साल जाहीर केलंच नाही, आणि कुणी काहीही बोललं तरी वांगी उलटायला पाठवलं नाही.

पण हार मानतील तर ते फुवा कसले. घरी आल्यावर त्यांनी केसांना लावायचा काळा रंग आणला आणि आठवडाभरात डोकं, मिशा आणि एका कानाची पाळी काळीकुट्ट करून टाकली. ट्रंकेतून त्या काळची ढगळ पँट काढली. ती आता ढगळ राहिली नव्हती, फुईने बटण सरकवून दिलं. मोठ्या कॉलरचा शर्ट घातला, आणि अशा थाटात स्वारी पॅसेंजरने शिंदखेड्याला गेली. फुई दारात उभी राहून गाल दुखेस्तोवर हसली आणि ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर पदराने डोळे पुसत आत आली. तिकडे नानांनी दार उघडलं, पाहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "केस काळा करी टाकात का आबा? या वयमा?"

फुवांनी रंग लावणं सोडलं. जाणं सोडलं नाही. दर रविवारी सकाळच्या गाडीने निघतात, डोक्यावर आता पांढरी टोपी असते, हातात पिशवीभर केळी. तिथे गेले की नानांच्या समोर आबा होऊन बसतात आणि मुलाचे निरोप देतात: पोरगा यंदा लग्नसराईत अडकलाय, जनरेटर नीट चाललाय, तुला राम राम सांगितलाय. नाना खूश होतात, उलट निरोप देतात, जास्त दगदग करू नको म्हणून बजावून सांगतात. जगात त्या आठवड्यात काय घडलं ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं.

परवाच्या रविवारी मी फुईकडे होते. संध्याकाळी फुवा आले, टोपी काढून खुंटीला लावली, पाणी प्यायले. एरवी घरात पाऊल टाकताच बोलायला लागणारा माणूस खुर्चीत स्वस्थ बसून राहिला. मी विचारलं, "कसे आहेत नाना?"

"बरे आहेत," फुवा म्हणाले. आणि मग लहान मुलासारखं लाजत म्हणाले, "आज त्यांनी माझी फार आठवण काढली."