टोकन न लावलेली गल्ली

मी विमान चालवते. भोपाळमध्ये, इंद्रपुरीतल्या आमच्या घरी, शिलाई मशीन हलवून जिथे कॉम्प्युटर ठेवला आहे तिथे बसून. निवृत्त झाल्यापासून हेच चाललं आहे, आणि याला कुणी ‘गेम’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. गेममध्ये कुणीतरी जिंकतं, कुणीतरी हरतं. इथे चाकं जमिनीला नीट टेकवायची असतात, आणि नाही टेकली तर दोष सर्वस्वी माझा.

त्याआधी तीसेक वर्षं मी कारखान्याच्या टूल-रूममध्ये काउंटरवर काढली. कामगार यायचा, त्याच्या नंबराचं पितळी टोकन द्यायचा, मी त्याला अवजार द्यायचे आणि अवजाराच्या रिकाम्या जागी खिळ्याला ते टोकन अडकवायचे. प्रत्येकाला सहा टोकनं. सातवं अवजार हवं असेल तर आधीचं एक परत आण. फोरमन आला तरी हाच नियम. पाठीमागे मला काय काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, पण माझ्या काउंटरवरून एक ड्रिलसुद्धा कधी गहाळ झालं नाही.

माझा सिम्युलेटर जुन्या पिढीतला आहे. नवे आले आहेत, पण याची मला सवय झाली आहे. यात मूळचा विमानतळ म्हणजे एक करडी पट्टी आणि कडेला दोन खोकी. खरं टर्मिनल, खरे दिवे, खरी झाडं दिसायला हवी असतील तर हौशी लोकांनी बनवलेली सीनरी आणून वरून जोडायची. मी आणत गेले. लेह आणलं, काठमांडू आणलं, उभ्या जन्मात जाणार नाही ते लंडन आणलं. आणि शेवटी एक सीनरी मी स्वतः बनवली. आमची गल्ली. तिला वर्ष लागलं. प्रत्येक घराच्या प्रत्येक भिंतीचा फोटो काढून चिकटवला. समोरच्यांची निळी टाकी, आमच्या दारावरचं तोरण, दोरीवर वाळणारा यांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, सगळं. विमान शहराच्या दिशेने उडालं की डाव्या खिडकीतून आमची गल्ली दिसायची आणि दर वेळी मला हसू फुटायचं.

हे म्हणजे आमचे यजमान. ग्वाल्हेरचे. विमान या विषयाशी त्यांचा संबंध एवढाच, की मी कंट्रोलवर असताना चहा कुठे ठेवायचा. विमानात आम्ही दोघंही कधी बसलो नव्हतो. मला संधी मिळाली नाही म्हणून, आणि यांना नको होती म्हणून. स्टुलावर उभं राहायचं म्हटलं तरी या माणसाचे पाय कापतात.

गेल्या हिवाळ्यात यांच्या ताईंचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. ताई पुण्याला मुलाकडे असतात. यांची आई हे चार वर्षांचे असताना गेली. तेव्हापासून ताईंनीच यांना न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, आणि यांचं लग्न होईपर्यंत स्वतः लग्न करणार नाही म्हणून सगळ्या घराशी भांडल्या. सोहळ्यात एक्क्याऐंशी दिव्यांनी त्यांना ओवाळायचं होतं. पण यांची पाठ त्याच वर्षी धरली होती आणि डॉक्टरांनी रेल्वेचा लांबचा प्रवास बंद केला होता. विमानाने जा म्हणाले, दीड तासाचा तर प्रश्न आहे. यांनी घरी येऊन जाहीर केलं की साडी कुरिअरने पाठवू आणि ओवाळणं व्हिडिओ कॉलवर बघू.

ताईंनाही फोनवर तसंच सांगितलं. ताई म्हणाल्या, नको येऊस बाबा, पाठ सांभाळ. फोन ठेवल्यावर हे बराच वेळ पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटा नव्हता, पण पान काही उलटलं नाही. मला राहवलं नाही. मी म्हणाले, भोपाळ ते पुणे अख्खा प्रवास मी तुम्हाला इथे करून दाखवते, खिडकीतून दिसेल तसा, मिनिटाला मिनिट. मग ठरवा. त्यांनी विचार केला आणि अट घातली: उडाल्यापासून उतरेपर्यंत मध्ये काही म्हणजे काही व्हायला नको.

मी खुशीत आले. सोहळ्याला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खुर्चीशेजारी त्यांची खुर्ची मांडली. पट्टा म्हणून त्यांनी स्वतःहून माझी ओढणी पोटाला बांधून घेतली, आणि मी त्यांची चेष्टा केली नाही हे माझं मोठेपण. उडालो. बडा तालाब उजवीकडे चकाकला, डावीकडे आपली गल्ली, पायजम्यासकट. पुढे नर्मदा, सातपुडा, तापी. हे हळूहळू ओढणी सैल करू लागले. गोदावरी ओलांडली, उंची कमी केली, चाकं काढली. पुण्याची धावपट्टी समोर दिसायला लागली आणि पडदा काळा झाला. मधोमध एक चौकट आली: मेमरी संपली आहे, प्रोग्राम बंद होत आहे.

हे चौकटीकडे बघत राहिले. मग ओढणीची गाठ सोडत म्हणाले, “हे तर बंदच पडलं गं. पुण्याच्या डोक्यावर येऊन.”

मी पुष्कळ समजावलं, की खऱ्या विमानात असं नसतं, ही माझ्या डब्याची खोड आहे. पण एकदा बघितलेलं कसं पुसणार? त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी साडीच्या रंगाचा विषय काढला. मला इतका राग आला की आमटीत मीठ दुसऱ्यांदा पडलं.

सकाळी मी थेट जवाहर चौकात जाऊन कॉम्प्युटरच्या दुकानातून आणखी मेमरी आणून बसवली. काही फरक पडला नाही. मग वाचत बसले तेव्हा कळलं: हा जुना प्रोग्राम, तुम्ही कितीही मेमरी द्या, चार जीबीच्या वर हात घालत नाही. आणि वर वाईट खोड अशी, की एकदा उचललेली सीनरी मागे पडली तरी पूर्ण खाली ठेवत नाही. सगळं हातात धरून पुढे जातो, आणि पुण्याला पोचेपर्यंत हात भरून जातात.

हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. ही तर माझीच टूल-रूम होती. गोदामात हजार अवजारं असू देत, काउंटरवर मावतील तेवढीच बाहेर काढायची. मी किल्ल्या अडकवायच्या पाटीवरच्या किल्ल्या काढल्या, सहा खिळे मोकळे केले आणि जुन्या कोटाची सहा बटणं घेतली. एका सीनरीला एक बटण. भोपाळला एक, पुण्याला एक, मधल्या डोंगरांना एक. लेह, काठमांडू, लंडन, सगळी गोदामात परत. पाटीवर तीन बटणं लटकली, तीन हातात उरली. निवृत्तीनंतर पुन्हा माझ्या काउंटरवर शिस्त आली होती आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

यांना न सांगता एकटीने उडाले. गोदावरीच्या पलीकडे पुन्हा तीच चौकट.

असे तीन दिवस गेले. झाडं कमी केली, ढग कमी केले, रस्त्यांवरच्या गाड्या काढून टाकल्या. प्रत्येक वेळी थोडं पुढे जायचे, पण उतरता यायचं नाही. इकडे खऱ्या विमानातल्या जागा भरत चालल्या होत्या, आणि यांनी मोरपंखी साडी पसंत करून कुरिअरवाल्याचा नंबरसुद्धा शोधला होता. मग मी वापरलेल्या मेमरीचा आकडा दाखवणारी खिडकी कोपऱ्यात उघडून ठेवली. विमान भोपाळच्या धावपट्टीवर नुसतं उभं. अजून हललेलंही नाही. आणि आकडा अर्ध्याच्या वर.

मी पाटीकडे पाहिलं. तीन बटणं. हिशोब चोख. मग हे अर्धं काउंटर अडवून कोण बसलंय?

पाच मिनिटं लागली असतील मला, आणि मग एकदम लक्षात आलं. गल्ली. माझी गल्ली. तिला मी बटण दिलंच नव्हतं. ती मी कुठून आणलेली नव्हती, माझी स्वतःची होती, आणि स्वतःची वस्तू कुणी टोकनावर घेतं का? टूल-रूममध्ये माझा जेवणाचा डबा नेहमी काउंटरवर असायचा, तो कधी मोजला नाही, तसंच हे. भिंतींचे फोटो मी मोबाईलमधून निघाले तसे घातले होते, अंगुळभर खिडकीला अख्ख्या दरवाजाएवढा फोटो. लहान करायचं जिवावर आलं होतं. इतरांच्या सीनरीत कोण किती जागा खातं यावर मी नाकं मुरडत होते, आणि सगळ्यात मोठी उधळी मीच निघाले.

फोटो एकेक करून लहान करायला महिना गेला असता. दोन दिवस उरले होते. मी गल्लीचा फोल्डर उचलला आणि गोदामात ठेवला. खरं सांगते, वाईट वाटलं. पण आकडा धाडकन खाली आला आणि वाईट वाटणं मागेच राहिलं. मी ओरडूनच यांना बोलावलं. ते घाबरून हातातला कांदा तसाच घेऊन आले.

या वेळी ओढणी मीच बांधली. उडालो. बडा तालाब आला. यांनी डावीकडे मान वळवली. जिथे गल्ली असायची तिथे नुसता हिरवा-मातकट तुकडा होता.

“आपलं घर कुठाय?” त्यांनी विचारलं.

काढून टाकलं, मी म्हणाले. तेच अडत होतं. ते माझ्याकडे पाहत राहिले. ते फोटो काढायला वर्षभर मी कशी उन्हात हिंडले, शेजाऱ्यांशी कशी हुज्जत घातली, हे त्यांनी पाहिलं होतं. नर्मदेवर त्यांनी हात जोडले. तापी गेली, गोदावरी गेली. मी आकड्याकडे बघायचं टाळत होते आणि दर अर्ध्या मिनिटाला बघत होते. चाकं काढली. धावपट्टी दिसली, मोठी झाली, दिवे वेगवेगळे दिसायला लागले. चाकं टेकली. थोडी आपटली, पण टेकली. विमान धावत धावत टर्मिनलपाशी गेलं आणि थांबलं, आणि मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, स्वतःसाठीच.

ओढणीची गाठ न सोडताच हे म्हणाले, ताईला फोन लाव.

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. “ताई,” हे म्हणाले, “मी येतोय. हवाई जहाजानं.”

ताईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.

“बरं झालं. तू ओवाळल्याशिवाय मी दिव्यांसमोर बसणार नाही असं तुझा फोन आला त्याच दिवशी सांगून बसले आहे रे मी घरात. तुला कसं कळवायचं, तू घाबरतोस म्हणून गप्प होते.”

यांनी फोनवर हात ठेवला, उचलला नाही, नुसता ठेवला. पुढचं बोलायला मला पुढे व्हावं लागलं. मी ताईंना विमानाची वेळ सांगितली, उतरल्यावर कोण न्यायला येईल ते विचारलं, आणि एका हाताने कॉम्प्युटरवर शेवटच्या दोन जागा धरल्या. फोन ठेवून वळले तर खुर्ची रिकामी. हे आतल्या खोलीत होते. माळ्यावरची मोठी बॅग काढायला, धरलेल्या पाठीनिशी, एकटेच स्टुलावर चढून उभे होते.