सेनापतीचं माप

आमच्या घरातल्या बायका टेप दिसली की श्वास ओढून घेतात. रायपूरच्या पुरानी बस्तीत आमचे ठरलेले टेलर मास्टर होते. त्यांच्याकडे आई आणि आत्याबरोबर ब्लाउज टाकायला मी लहानपणापासून जात आले. मास्टरांनी गळ्यातली टेप काढली की आई छताकडे बघायची, आणि आत्या तर तळ्यात बुडी मारायची असल्यासारखी गाल फुगवून उभी राहायची. मास्टर निमूट माप घ्यायचे, मनानेच त्यात थोडं वाढवायचे, वर शिवणीत भरपूर माया ठेवायचे. ब्लाउज बरोबर बसायचा. "पाह्यलं? मी काही सुटली नाई," असं म्हणत आई खुशीत घरी यायची. या व्यवस्थेत कोणाचंच नुकसान नव्हतं. ती अंगाशी आली फक्त माझ्या, आणि तीही एका व्हिडिओ गेममध्ये.

रायपूर राजधानी होऊन काही वर्षं झाली होती आणि तो शब्द गावाच्या अंगात आला होता. चहावाला राजधानी, कोचिंग राजधानी, आमच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, न्हावीसुद्धा राजधानी. त्याच हवेत चौबे कॉलोनीत दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक छोटी कंपनी उघडली. परदेशातल्या मोबाइल गेमसाठी माणसं, राक्षस, किल्ले, तलवारी असं सगळं कॉम्प्युटरवर घडवून द्यायचं काम. मी ॲनिमेशनचा कोर्स करून घरी बसलेली. बाबा सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमध्ये. त्यांच्या मते शहाण्या मुलीने बँकेची परीक्षा द्यावी. मी दवाखान्याचा जिना चढले. खाली डॉक्टरांचं मशीन घूं घूं करायचं आणि वर आमचे राक्षस किंचाळायचे. खुर्चीतल्या पेशंटला वाटायचं, आपल्या आधीचाच कोणी ओरडतोय. डॉक्टर आठवड्यातून एकदा तरी तक्रार घेऊन वर यायचे.

आमचे सर बंगलोरला नोकरी करून परत आलेले. मनाने मऊ, मताने दगड. एक दिवस त्यांनी नवं काम आणलं. जादूचं राज्य, त्यावर चालून आलेले राक्षस, आणि राज्य वाचवणारे योद्धे. योद्ध्यांची कच्ची चित्रं सरांनीच काढली होती. पुरुषांमध्ये एक ढेरपोट्या होता, एक टकल्या म्हातारा, एक वाकलेला, एक भिंतीसारखा आडवा. पुरुषांना सगळं माफ होतं. बाई एकच, ती सेनापती. तिची कंबर तिच्या मानेएवढी. छातीवर दोन वाट्या, मांड्या उघड्या, पोट उघडं, म्हणजे शत्रूने तसदी न घेता भाला कुठे खुपसायचा ते आधीच दाखवलेलं. आणि या काडीच्या हातात केवढी गदा! ती उचलायला आमच्या गल्लीतले हमाल लागले असते.

माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नव्हती. मी विचारलं, "सर, ये खाना खाती है?"

"फँटसी है भई," सर म्हणाले.

"राक्षस भी फँटसी है, सर. उसका तो पेट है."

ऑफिसातली मुलं हसली, म्हणून सरांना राग आला, आणि सर रागावले म्हणून मला चेव आला. शेवटी ते म्हणाले, "ठीक है, एक मेरी, एक तुम्हारी. क्लायंट के सामने दोनों रखेंगे. मगर तुम्हारी वाली सिर्फ खड़ी नहीं रहेगी, लड़ेगी भी." मी हो म्हणून बसले. मग घरी येताना लक्षात आलं की खरी लढवय्यी बाई घडवायची तर समोर एक हवी, आणि मी स्वतः तुराटी.

दार उघडलं तर समोर आत्या.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहायची. गोळाफेकीच्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागली होती. आता ती फायली उचलायची, पण खांदे तेच होते. ती दारात उभी राहिली की बाहेरचा उजेड बाहेरच राहायचा. अख्ख्या पाऱ्यातल्या घट्ट बसलेल्या बरण्यांची झाकणं आमच्याकडे उघडायला यायची. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आत्या, तू माझी सेनापती हो."

मला वाटलं होतं हसेल. ती हसली नाही. बैठकीच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथे तिचे फोटो होते: गळ्यात मेडल, हातात कप, शेजारी कोणी साहेब. सगळ्यांत ती खांबासारखी ताठ. मग म्हणाली, "इतके फोटो आहेत, पण फेकतानाचा एकही नाई. फेकताना मी कशी दिसत होती, मले काय माहीत! तुझ्या गेममध्ये फेकताना दिसीन का मी?"

"हो," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या ऑफिसात सांगून टाकलं, "मी गेममध्ये येऊन राहिली." आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर युद्ध झालं. गदा म्हणून आईने मुसळ काढून दिलं, वर बजावलं की मले ते परत पाहिजे. आत्या पंजाबी सूट घालून, ओढणी कमरेला आवळून उभी. मी आधी समोरून, बाजूने, मागून फोटो काढले. मग आईने टेप घेऊन दंड, खांदे, छाती, कंबर, मांड्या मोजल्या. मग आत्याने मुसळ फिरवलं. गोळा फेकताना द्यायची तशी आरोळी ठोकली. शेजारच्या गच्चीवर सांडगे वाळत घालणारी वहिनी दचकून म्हणाली, "क्या हो गया, दीदी?"

"लड़ाई!" आत्याने सांगितलं आणि पुन्हा फिरवलं. मी फोटो काढतच होते. आत्या इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

मग मी भिडले. आत्याच्या मापाबरहुकूम शरीर घडवलं. त्याच्यावर चिलखत चढवलं, तेही खरंखुरं: पोट झाकणारं, खांद्यावर पत्रे असलेलं, गुडघ्यापर्यंत आलेलं. उभी होती तोवर सेनापती झकास दिसत होती. सरांनीही मान डोलावली. मग ऑफिसातल्या एका मुलाने गच्चीवरच्या फोटोंवरून तिला गदा फिरवायला लावली, आणि घात झाला. गदा वर गेली की खांदे कानांना चिकटायचे. गदा खाली आली की पोट चिलखताच्या पत्र्यातून आरपार बाहेर. त्या मुलाने पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. दर वेळी पोट बाहेर.

"देखा?" सर म्हणाले. "इसीलिए पतली बनाते हैं. मोटी बनाओगी तो कवच फाड़ के पेट निकलेगा. ये योद्धा है कि हलवाई?" सगळे हसले. खालून दाताचं मशीनही तेव्हाच सुरू झालं. सर म्हणाले, परवा क्लायंटला पाठवायचं आहे, तोवर हिची कंबर निम्मी कर, नाहीतर फक्त माझीच सेनापती जाईल.

घरी आले ती तोंड पाडून. आत्याने चहा दिला आणि विचारलं, "झाली का वं मी?" मी कॉम्प्युटर उघडला आणि गच्चीवरचे फोटो पुन्हा लावले. कंबर कशी कमी करायची, हेच बघत होते, खोटं कशाला सांगू. तर उभ्या फोटोतली आत्या आणि मुसळ फिरवणारी आत्या शेजारी शेजारी आल्या, आणि त्या दोन वेगळ्याच बाया होत्या. उभी होती तिचं पोट आत, छाती वर, खांदे उचललेले, गाल किंचित फुगलेले. फिरवत होती तिचं तोंड आरोळीने उघडं, पोट पुढे, खांदे खाली, पाय जमिनीत रोवलेले. माझी सेनापती अंगाने पहिली होती आणि काम दुसरीचं करत होती. पोट बाहेर येणार नाही तर काय होईल?

"आत्या, माप देताना तू श्वास धरला होता?"

"टेप लावली की धरतच असते ना!" ती इतक्या सहज म्हणाली, की जणू मी विचारलं होतं, जेवताना तोंड उघडतेस का. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मी बी धरते!" तिला तर कोणी मोजलंही नव्हतं.

मी कपाळावर हात मारला आणि हसू लागले. आत्यालाही हसू आलं, पण मग ती थांबली. भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट करून म्हणाली, "गोळा फेकाले जोर लागते, तेव्हा पोटाकडे कोणी पाहत नव्हतं. पण बक्षीस घ्याले गेली की फोटोवाला म्हणे, 'मैडम, पेट अंदर.' दर वेळी. मग सवयच लागली. टेप दिसली, कॅमेरा दिसला, कोणी पाहाले आलं, की घेतला श्वास." तिने मेडलवाल्या सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली. "हे सगळे पाह्य. एकातही मी श्वास घेऊन नाई राहिली."

मी उठून बघितलं. खरंच होतं. मी जन्मापासून त्या भिंतीसमोर जेवत आले होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. मला त्या सगळ्या फोटोवाल्यांचा असा राग आला की मुसळ घेऊन निघावं. पण फोटोवाले पांगलेले, आणि माझ्या हातात होती फक्त टेप.

"ऊठ," मी म्हटलं. "आता मी मोजते. सोड श्वास."

हे सांगायला सोपं. टेप कमरेला लागली की आत्याचं पोट आपोआप आत. मी थांबायची, ती सोडायची, टेप लागली की पुन्हा आत. आई मदतीला आली आणि तिने आत्याला शेजारणीच्या सुनेचा किस्सा सांगायला घेतला. आत्या ऐकता ऐकता खदखदून हसली, आणि हसू संपून ती सैल पडली, तेवढ्यात मी माप घेऊन टाकलं. आकडा बघून आत्या म्हणाली, "माय माय! एवढी?"

"एवढी म्हणूनच गोळा जात होता ना लांब," आई म्हणाली. आईने आत्याला दिलेली ती मला माहीत असलेली एकमेव शाबासकी.

दुसऱ्या दिवशी मी शरीर नव्याने घडवलं. कंबर सरांनी सांगितली तशी निम्मी नाही, उलट वाढवली. पोटावरचा पत्रा एकसंध होता, तो पट्ट्यापट्ट्यांचा केला. बाहीला काखेत मोकळीक दिली, मास्टर द्यायचे तशी. गदा फिरवायला लावली. खांदे खाली राहिले, पोट पुढे आलं आणि पट्ट्या त्याच्याबरोबर सरकल्या, पाय रोवले गेले, तोंड उघडलं, आणि गदा राक्षसावर अशी बसली की शेजारच्या टेबलावरच्या मुलाने "अरे बाप रे" म्हणत मान मागे घेतली.

सर पाठीमागे उभे होते. त्यांनी स्वतःची सेनापती चालवून पाहिली. तिची गदा राक्षसावर अशी पडत होती, जशी पाहुण्यावर गुलाबपाण्याची शिंपड. त्यांनी पुन्हा माझी चालवली. "हव," म्हणजे हो, ते म्हणाले. सरांच्या तोंडून छत्तीसगढी निघाली की समजायचं, मनातलं बोलताहेत. "इसमें मार लगता है." मग घसा साफ करून म्हणाले, "दोनों भेजेंगे, जैसा बोला था."

क्लायंटने दोघीही ठेवल्या. सरांची झाली राणी, ती महालात बसायची. रणात जायची ती माझी. क्लायंटची एकच दुरुस्ती आली की लढताना हिचे केस मोकळे उडू द्या. मी हे आत्याला सांगितलं तर ती भडकली. "लढाईत मोकळे केस? डोळ्यांत जातीन ना! वेणी घाल म्हणा." मी वेणी घालूनच पाठवली, कोणी काही म्हटलं नाही.

आत्या बघायला आली ती ऑफिसातून परस्पर, सोबत दोन मैत्रिणी. दवाखान्यातल्या पेशंटांना वाटलं डॉक्टरांकडे आल्या, त्यांनी सरकून जागा दिली. वर मी सेनापती सुरू केली. तिने गदा उचलली, आरोळी ठोकली, फिरवली. मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या. आत्या नाही. मी तिच्याकडे बघायची हिंमत करत नव्हते. वाटलं, पोट बघून तिला वाईट वाटलं.

"पुन्हा दाखव," ती म्हणाली. मी दाखवलं. "पुन्हा." किती तरी वेळा. मग डोळे पुसत हसली आणि मैत्रिणींना म्हणाली, "पाहा, अशी फेकत होती मी." मलाही रडू आलं, आणि सर उगाचच कॉम्प्युटरच्या वायरी नीट करायला वाकले.

त्या दिवाळीला आम्ही तिघी मास्टरांकडे गेलो. मास्टरांनी टेप काढली. आईने नेहमीप्रमाणे छताकडे बघितलं. आत्या मात्र पाय सैल सोडून उभी राहिली, मास्टरांशी गप्पा मारत. मास्टरांनी सवयीने मापात वाढवलं, सवयीने शिवणीत माया ठेवली. व्हायचं तेच झालं. ब्लाउज शिवून आल्यावर आत्याने घातला तर ढगळ, काखेत दोन मुठी जातील असा.

"वापस देऊन ये," आई म्हणाली. "फिटिंग करून दे म्हणा मास्टरले."

आत्याने आरशात बघितलं नाही. तिने उजवा हात मानेशी नेला, पाय रोवला, अंग वळवलं आणि गोळा फेकावा तसा रिकामा हात जोरात पुढे फेकला. एकही टाका कुरकुरला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "याच्यात फेकता येते."