राजाचा घसा

चूक एवढीच झाली की जी फाइल अभ्यासकेंद्राच्या ग्रुपवर जायची, ती मी घरच्या ग्रुपवर टाकली. लक्षात आलं तेव्हा घाईघाईने पुसली, तीही फक्त माझ्या फोनवरून. म्हणजे अख्ख्या घराण्यात ती वाचू न शकणारा आता मी एकटाच उरलो होतो.

फाइलमध्ये भानगडीचं काही नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर मला मुख्याध्यापक व्हायची हौस आली. त्यासाठी शाळा व्यवस्थापनाची पदविका घ्यायची ठरवली, म्हणून अर्जुनी मोरगावच्या शाळेत दिवसभर पोरांना गृहपाठ देणारा मी घरी येऊन स्वतःचा गृहपाठ लिहीत बसायचो. या खेपेचा प्रश्न असा: एका शोकांत नाटकातील राज्यकर्त्यांचे नेतृत्वाच्या अभिजात सिद्धांतांच्या आधारे मूल्यमापन करा.

मला पाठ असलेलं शोकांत नाटक एकच. केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, पाहुण्यांनी घरं भरतात आणि गावातलीच माणसं दरवर्षी तेच नाटक करतात. गावच्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. त्यात राजा भर दरबारात शब्द देतो की तलावाचं दार जो उघडेल त्याला देहदंड. पुढे तलावाची पाळ फुटायची वेळ येते, आणि खालचं गाव वाचवायला दार उघडतो तो राजाचाच मुलगा. राजा शब्द मागे घेत नाही. शेजारचा दुसरा राजा मदतीला निघावं की नाही हे सगळ्यांना विचारत बसतो आणि पोचतो तो सरणापाशी.

दुसऱ्या राजाला मी 'मोकळं सोडणारी शैली' म्हणून एका पानात निकालात काढलं. पहिल्यावर मात्र पाच पानं. नेता जन्मावा लागतो हा सिद्धांत इथे लागू नाही, कारण भारदस्त आवाज म्हणजे नेतृत्वगुण नव्हे. शैली हुकूमशाही. प्रसंग ओळखून वागण्याची क्षमता शून्य. कोणाचं ऐकत नाही. आपल्यानंतर कोण, याचा विचार नाही. दिलेला शब्द त्याला सहज मागे घेता आला असता. 'सहज'खाली मी रेघही मारली होती.

आणि हा राजा गेली बावीस वर्षं माझे मोठे भाऊ करतात.

भाऊंच्या सुनेने निबंध अंगणात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे मलाही तो सबंध ऐकायला मिळाला. वाचन चांगलं होतं. 'भारदस्त आवाज'पाशी भाऊ म्हणाले, "हे पुन्हा वाच."

रविवारी दुपारी समाजमंदिरात नाटकाची बैठक होती. लवकर येणारे हलके धान कापून झाले होते, सगळे मोकळे होते. भाऊ उभे राहिले.

"आमच्या मास्तरनं लिवलन का मले राजा जमत नाई. तर मी या साली राजा करत नाई."

"मंग कोण करन जी?" पिठाच्या चक्कीवाल्याने विचारलं. तो नाटकातला प्रधान.

"ज्याले चुका समजते, तो करन."

मी उठलो होतो ते समजवायला, की बाबांनो, लिहिलंय ते राजाबद्दल, भाऊंबद्दल नाही. पण तीस-चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझ्या तोंडून निघालं, "करतो."

गटाच्या दबावाखाली घेतलेल्या निर्णयांवर माझ्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. मी ते पाठ केलंय.

शाळेला दिवाळीची सुट्टी होती, दुसऱ्या दिवसापासून रोज चारला तालीम. पुठ्ठ्याचा मुकुट भाऊंच्या डोक्याच्या मापाचा होता, माझ्या भुवयांवर यायचा. आत वर्तमानपत्राची घडी कोंबून तो वर थांबवला. आणि वही घेऊन आठवण द्यायला समोर भाऊच बसले. आता मागे फिरायला वाटच नव्हती. वाक्य विसरलो की त्यांच्याकडे बघावं लागे, आणि बघितलं की पुढचंही विसरायचो.

तिसऱ्या दिवशी वाटलं, राजा झालोच आहे तर निदान सुधारलेला होऊ. देहदंडाच्या प्रसंगात मी प्रधानाकडे वळलो. "प्रधानजी, तुमचं काय मत?"

प्रधान घाबरला. इतक्या वर्षांत त्याचं मत कोणी विचारलं नव्हतं. "मले नाई माहीत बाप्पा," तो म्हणाला आणि भाऊंकडे बघू लागला.

"राजा इचारत नाई," भाऊ म्हणाले.

"इचारलं तं काय होते?"

"पोरगा वाचते. मंग तिसरा अंक कायले करतो? लोक घरी जातीन."

मी भुवयांवर आलेला मुकुट वर सारला आणि देहदंड सुनावला.

त्याच दिवशी लक्षात आलं, भाऊंच्या मांडीवरची वही मिटलेलीच असते. वाक्यं ते तोंडपाठ देत होते. आणि 'देहदंड' या शब्दाला त्यांचा उजवा हात माझ्या आधी उठायचा, अर्ध्यावर थांबायचा आणि गुपचूप गुडघ्यावर येऊन बसायचा. घरी बायकोने सांगितलं की जाऊबाई म्हणत होत्या, भासऱ्यांचं, म्हणजे भाऊंचं, जेवण निम्म्यावर आलंय.

दुसऱ्या दिवशी तालमीआधी मी त्यांना गाठलं. "भाऊ, राजा तुमीच करा जी."

"चार लोकांत सांगतलो ना."

"मी बी चार लोकांतच हो म्हणलो."

"मंग कर."

संपलं. एका गावात दोन राजे, दोघांनी भर दरबारात शब्द दिलेले, आणि 'सहज'खाली रेघ मारणारा त्यातला एक.

पुढच्या दिवशी मी गळ्याला मफलर गुंडाळून गेलो. चारचं ऊन होतं, घाम मफलरात झिरपत होता. मुकुट घातला, तोंड उघडलं आणि नुसती हवा काढली.

भाऊंनी मफलरकडे पाहिलं. "घसा बसला का गा?"

मी मान हलवली.

"कवापासून?"

"सकाळपासून," मी कुजबुजलो. आणि मग आठवलं की सकाळीच अंगणात शिरलेल्या बकऱ्यांवर मी गल्लीला ऐकू जाईल इतका ओरडलो होतो, आणि भिंत एकच आहे.

भाऊंनी वही बाजूला ठेवली. उठले. "राजाचा घसा बसून चालत नाई," ते सगळ्यांकडे बघून म्हणाले. "मी सबद वापस घेतलो नाई. याच्या घशापायी उभा होऊन राहिलो." माझ्या डोक्यावरचा मुकुट त्यांनी काढला, आतली वर्तमानपत्राची घडी माझ्या हातात दिली आणि तो घातला. 'देहदंड' म्हणताना हात पूर्ण वर गेला. प्रधानाच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं मला स्पष्ट दिसलं.

घरी आलो आणि मफलर सोडायला लागलो.

"राहू द्या तो," बायको म्हणाली. भासऱ्यांशी ती आजवर समोरासमोर एक शब्द बोललेली नाही, आमच्याकडची रीतच तशी. निरोप येतात ते जाऊबाईंकडून. "जाऊबाई येऊन गेल्या. भासऱ्यांनी सांगून पाठवलन, मंडई होतवरी घसा बरा नाई झाला पाहिजे."

मंडईला अजून अकरा दिवस होते. सोमवारपासून शाळा: रोजचे पाच तास, प्रार्थना, वर्गातली साठ पोरं. मी तोंड उघडलं.

"हळू," ती म्हणाली. "भिंत एकच हाय."