दुर्बिणीच्या खोलीतला रेडिओ

अहो, दुर्बिणीच्या खोलीत नर्स म्हणून पंधरा वर्षं काढली म्हटल्यावर किस्से काय शोधावे लागतात? डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपवला की माणसाचा सगळा मोठेपणा खुंटीला टांगला जातो, आणि मग तो बोलतो ते खरंच बोलतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्ध्यात आमच्या दवाखान्यात कोलोनोस्कोपी नवीन आली होती. म्हणजे मागच्या वाटेनं दुर्बीण घालून आतडं बघायचं. लोक ऐकूनच घाम पुसायचे!

*

देवळीचे गुलाबराव आले. शौचातून रक्त जायचं, वजन उतरलेलं. आतडं नीट दिसायला दुर्बिणीतून हवा भरावी लागते. हवा भरली, तसे ओरडले, "पोट फुटते ना माय!" दुर्बीण बाहेर काढतो न काढतो तोच टेबलावरून उतरून तडक बस स्टँड. दवाखान्याचा गाऊन अंगावर!

डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, हा काही परत येत नाही."

मला असा संताप आला! गुलाबरावांचा नाही, आमचाच. माणसाचं रक्त जातंय आणि आम्ही त्याला पळवून लावलं? म्हटलं, "येतील. मी आणते. पण आधी ही खोली सुधारा."

*

सुरुवात दुर्बिणीला लावायच्या जेलीपासून. डिसेंबरात ती बर्फासारखी गार. मी ट्यूब गरम पाण्याच्या मगात उभी करायला लागले. साहेब हसले, "सिस्टर, फार लाड चाललेत!"

मी गार ट्यूबमधली बोटभर जेली त्यांच्या मानेवर लावली. "आई गं!" करून उडालेच! दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "पाणी गरम झालं का?"

*

मग नियम केला. पेशंटनं हात वर केला की दुर्बीण जागच्या जागी थांबवायची. केळझरच्या एका आजींनी चारदा हात वर केला. चारही वेळा साहेब थांबले. पाचव्यांदा हात वर झाला तसे वैतागले, "आजी, दुखतंय तरी कुठं?"

"दुखत नाई बापा. तू थांबते का नाई, पाहून राह्यली!"

*

आदल्या दिवशी एरंडेल पिऊन पोट साफ करून यायचं असतं. एक पेशंट आला तो भरल्या पोटीच. सोबतचा धाकटा भाऊ मात्र दर पाच मिनिटांनी संडासाकडे पळतोय!

"एरंडेल कोणी घेतलं?"

"मीच घेतलं ना सिस्टर! दादा कमजोर हाये, त्याले झेपलं नसतं."

तेव्हापासून पेशंटला आदल्या दिवशीच बोलावून एरंडेल मी समोर बसून पाजायला लागले.

*

रविवारी देवळीची बस धरली. गुलाबराव खाटेवर, मान खाली. "काऊन पळाले?" विचारलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शेवटी त्यांची बायको बोलली.

"हवा तं भरली तुमी. पण साहेबासमोर, तुमच्यासमोर, सोडन कसा माणूस? लाज नाई का?"

माझं डोकंच सुन्न झालं. शरमेपायी हा माणूस पोट आवळून पडून राहिला होता, आणि आम्हाला वाटलं भित्रा आहे!

म्हटलं, "गुलाबराव, मंगळवारी येजा. आवाजाचं मी पाहते."

मंगळवारी सिंदी मेघेतल्या माझ्या घरून रेडिओ उचलून आणला. कपाशीच्या फवारणीचा कार्यक्रम लागला होता, आवाज फुल केला. "आता सोडा बिनधास्त. रेडिओशिवाय इथं काही ऐकू येत नाही."

गुलाबराव शेवटपर्यंत हूं की चूं न करता पडून राहिले. गाठ सापडली, वेळेत निघालीही. त्या दिवशी टेबलावरून उतरताना विचारतात, "सिस्टर, फवारणीचं औषध कोणतं सांगतलं त्यानं?" मी तोंड फिरवून रडून घेतलं.

*

दोनेक वर्षांनी खुद्द डॉक्टरसाहेबांवरच पाळी आली. त्यांच्या हाताखालचे डॉक्टर दुर्बीण घालताहेत, मी शेजारी, आणि रेडिओचे सेल नेमके संपलेले!

साहेबांचा हात वर. थांबलो. परत वर. परत थांबलो. पोट ढोलासारखं फुगलेलं, ओठ घट्ट मिटलेले.

"साहेब, हवा सोडा."

"सिस्टर, तुम्ही आधी बाहेर जा!"

"मुळीच जाणार नाही. लाजू नका, असं पेशंटला तुम्हीच सांगता ना?"

बाहेर बाकावर फेरतपासणीला आलेले गुलाबराव बसले होते. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं. बाकावरच्या साऱ्या पेशंटांना उभं केलं आणि टाळ्या पिटत खड्या आवाजात भजन सुरू केलं! खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या.

मधेच थांबून दाराला तोंड लावून ओरडले, "साहेब, होऊ द्या आता! आमाले काईच आयकू नाई येऊन राह्यलं!"