सहादेवबाबाची धूम आणि डिकीतलं खोकं

रंगनाथ सुतार हा माणूस हळू होता. इतका हळू, की बैलगाडीचं चाक करायला घेतलं तर बैल म्हातारा व्हायचा. पण केलेलं चाक मोडलं असं सांगणारा मला अजून भेटायचाय. आमची दोस्ती लहानपणापासूनची आणि माझा स्वभाव हा असा, तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा. लोक म्हणायचे, या दोघांचं जमतं कसं? अहो, तो ऐकून घ्यायचा म्हणून जमायचं, दुसरं काय!

बहात्तर सालची गोष्ट. आमची वाडी सुप्यापासून तीन मैलांवर, आणि माझी टॅक्सी होती. जुनी अँबॅसडर, काळी, एक दार दोरीनं बांधलेलं, पण टॅक्सी. पावसानं तोंड फिरवलेलं. अर्धी वाडी दुष्काळी कामावर खडी फोडायला, त्यामुळे माझ्या गाडीला गिऱ्हाईक नाही आणि रंगनाथच्या रंध्याला काम नाही. रिकामं डोकं म्हणजे सैतानाचं घर. माझ्या डोक्यात स्पीकर शिरला.

धाकटा भाऊ फौजेत होता, त्यानं टेप आणून दिला होता. पुण्याहून मी आठ इंची स्पीकर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा अँप्लीफायर आणला. माझा बेत सरळ होता. डिकीत रंगनाथकडून असं खोकं करून बसवायचं, की लग्नसराईत आपली गाडी लागली की वाजणं वऱ्हाडाच्या छातीत बसलं पाहिजे.

पहिल्या दिवशी स्पीकर डिकीत नुसताच ठेवला, गाडी रंगनाथच्या दारात लावली आणि हाताशी असलेली फीत वाजवली. ती होती दोन वर्षांपूर्वीच्या सप्त्याची. भाऊ सुट्टीवर आला होता, त्यानं देवळात भजन भरून घेतलं होतं. त्यात पखवाजावर होते सहादेवबाबा, रंगनाथचे वडील. भजन भरलं आणि पुढच्याच माघात बाबा गेले.

सगळं घर बाहेर आलं. रंगनाथची आई बनुबाई उंबऱ्यावर बसली. म्हातारीला ऐकू येईनासं झालं होतं. सून चांगुणा दिवसभर तिच्या कानाशी किंचाळायची, "आत्याबाईऽ, च्या घ्याऽ," आणि म्हातारी म्हणायची, "कुनाची गाय?" तिला फीत काय ऐकू जाणार, असं मला वाटलं. पण रंगनाथनं हातानं मृदंग वाजवल्याची खूण केली, वर आभाळाकडं बोट दाखवलं, आणि तिला कळलं. पदर सावरून ती गाडीपाशी आली आणि डिकीत डोकं घालून बसली म्हणा ना.

बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "रंगा, काईतरी टकटक वाजतंय. तुज्या बाचा हात कुठं हाय?"

रंगनाथचं तोंड एवढंसं झालं. मी पडलो तोंडाळ. म्हणालो, "म्हातारीचे कान गेलेत रे! स्पीकरचा काय दोष? बहिऱ्यापुढं वाचली गीता."

त्यावर बनुबाई वळली आणि शांतपणे म्हणाली, "आबासाहेब, तुजं समदं ऐकू येतं मला."

जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं झालं. चांगुणा तोंडावर पदर धरून हसत होती. माझा आवाज हा असा, रांजणातून आल्यासारखा घोगरा. रंगनाथ मात्र हसला नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला.

"आबा," तो म्हणाला, "चांगुणाचं ऐकू येत न्हाई, तुजं येतं. टाळ ऐकू येत न्हाईत. मंजी तिला बारीक आवाज जात न्हाई, जाड जातो. बाची धूम तिला ऐकू यायला पायजे. फितीत हाय ती. पर तुजा स्पीकर ती भाईर टाकत न्हाई."

पखवाजाच्या एका तोंडाला काळी शाई असते, तिकडून बारीक बोल निघतात. दुसऱ्या मोठ्या तोंडाला कणीक थापतात, ती धूम. सहादेवबाबांची धूम सुरू झाली की देवळातल्या समया थरथरायच्या. फक्त एक खोड होती. अभंग संपत आला की गडी लय सोडून पळत सुटायचा. बायकांत बसलेली बनुबाई तिथून टोकायची, "अवो, पळताय कुठं?" सगळं देऊळ हसायचं, बाबाही हसायचे, आणि पुढच्या अभंगाला पुन्हा पळायचे.

त्या दिवसापासून वऱ्हाड राहिलं बाजूला. रंगनाथनं ठरवलं, आईला बाची धूम ऐकवायची. ती परवाच म्हणाली होती, त्यांचा हात आता आठवतो पण ऐकू येत नाही. हे सांगून रंगनाथ फळ्या शोधायला आत गेला, आणि मी उगाच गाडीची काच पुसत राहिलो.

पहिलं खोकं केलं चहाच्या पेटीचं. पातळ फळ्या, मागची बाजू उघडी. लावलं तर स्पीकर कमी आणि फळ्याच जास्त वाजायला लागल्या. बनुबाई म्हणाली, "पत्र्यावर कोंबडं चाललंय का?" मी संतापून खोकं लाथेनं उडवलं. रंगनाथ खाली बसून तुकडे गोळा करत म्हणाला, "मागनं उघडं ठिवलं, तितंच चुकलं. पुढचा आवाज आन् मागचा आवाज भाईर येऊन एकमेकाला खात्यात."

दुसरं केलं बाभळीचं. दीड बोटाची जाडी, सांध्यांत सरस आणि लाकडाचा भुसा ठासून, मुंगी जाईल तर शपथ. स्टेपनी काढायला मी तयार नव्हतो, म्हणून तिच्याशेजारी बसेल एवढंच लहान. आठ दिवस लागले. बघायला काय देखणं! वाजवलं, तर आवाज उशी तोंडावर दाबलेल्या माणसासारखा.

"लई कोंडलाय," रंगनाथ म्हणाला. "जागा कमी पडली. तुजी स्टेपनी नडली."

"माझी स्टेपनी? तुझी अक्कल नडली! आठ दिवस काय खेळणं करत होतास?"

रंगनाथनं ते खोकं चांगुणाला दिलं, आणि तिनं त्यात मीठ भरलं. अजून आहे त्यांच्या घरात.

मग माझंच डोकं चाललं. लहान नडलं तर मोठं घेऊ! चांगुणाची ज्वारीची कणगी त्या वर्षी रिकामीच होती. बांबूची, शेणानं सारवलेली, पुरुषभर उंच. तिच्या तोंडावर फळी टाकून स्पीकर उलटा बसवला. चांगुणा म्हणाली, "दाना न्हाई तर न्हाई, गाना तरी भरा." टेप लावला आणि काय सांगू, शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. विहिरीत रेडा हंबरावा तसं सगळं घर घुमायला लागलं. मी तर नाचलोच.

बनुबाईनं कणगीला हात लावला. डोळे मिटले. मग तिनं हात काढून घेतला.

"घुमतंय," ती म्हणाली. "पर ह्यो त्यांचा हात न्हवं. त्यांचं बोल कसं सुटं पडायचं. ह्यो समदा काला झालाय."

एवढं बोलून ती आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. दुपारी जेवलीही नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हा खेळ आपण सुरूच करायला नको होता. नाही ते आठवून दिलं म्हातारीला.

पण रंगनाथ हळू असला तरी थांबणारा नव्हता. दोन दिवसांनी मला म्हणाला, "लई ल्हान नको, लई मोठं नको. जाड लाकूड पायजे, आतनं पोकळ, आन् आवाजाला जितकी लागंल तितकीच जागा. बाचा पखवाज त्याच मापाचा आसंल न्हाई का? त्याचं माप तेवढं घेतो."

पखवाज आत खुंटीवर होता, कापडी गवसणीत बांधलेला. बाबा गेल्यापासून बनुबाईनं कुणाला हात लावू दिला नव्हता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हासुद्धा ती वरच्यावर गवसणीला हळदकुंकू लावायची. रंगनाथनं तिच्यापुढं बसून खुणांनी विचारलं. ती मान हलवत राहिली, नाही, नाही. मी म्हणालो, "काकी, माप घेतोय नुसतं. खाणार आहे का तो पखवाज?"

माझं ऐकू जातं हे मी पुन्हा विसरलो होतो. म्हातारी माझ्याकडं बघत राहिली आणि एकदम रडायला लागली.

मग स्वतःच उठली, खुंटीवरून पखवाज काढला आणि गवसणी सोडली. धुमेच्या बाजूला कातडं नव्हतंच. कुरतडलेल्या कडा तेवढ्या उरल्या होत्या.

वाजवून झालं की धुमेवरची कणीक खरवडून काढायची, हा नियम पोरासोरांनाही ठाऊक असतो. पण बाबांनी शेवटचं भजन वाजवलं त्या रात्री त्यांना बरं नव्हतं, कणीक तशीच राहिली. ते गेल्यावर ती काढायचा बनुबाईला धीर झाला नाही. त्यांच्या बोटांचे ठसे होते तिच्यावर. दुष्काळात माणसांना मिलो, ती रेशनची तांबडी परदेशी ज्वारी, खावी लागत होती, तिथं उंदरांना गव्हाची कणीक मिळाली. त्यांनी कणकीबरोबर कातडंही खाल्लं. तिला हे कधीच कळलं होतं आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"माज्यामुळं गेलं," ती म्हणत होती. "त्यांचं येवढंच हुतं, ते बी मी उंदराला घातलं."

रंगनाथनं तिचे डोळे पुसले. मग पखवाज मांडीवर घेतला, उघड्या तोंडावर वीत टेकवली आणि माझ्याकडं बघितलं. आठ इंची स्पीकर त्यात बसणार होता. दुसऱ्या तोंडाचं शाईचं कातडं धड होतं. पण स्पीकर बसवायचा तर खोडाच्या कडेला स्क्रू मारावे लागणार. बापाच्या पखवाजात! त्याचा हात उचलेना.

बनुबाईला न सांगता कळलं. ती म्हणाली, "मार खिळं. उंदरानं खाताना मला इचारलं हुतं का? तू तर पोटचा हायेस."

संध्याकाळच्या आत काम झालं. रंगनाथनं आयुष्यात एवढं एकच काम झटपट केलं असेल. पखवाज अंगणात घोंगडीवर ठेवला, गाडीतून वायर ओढली, मी टेप लावला. टाळ सुरू झाले, आणि मग धूम पडली. गोल, जाड, एकेक बोल सुटा. चांगुणाचं हसणं थांबलं.

बनुबाई खाली बसली आणि तिनं शाईच्या बाजूवर तळवा ठेवला. आतून येणाऱ्या प्रत्येक थापेला ते कातडं तिच्या हाताखाली उचलत होतं. ती नुसती मान डोलावत होती, देवळात डोलवायची तशी. मला वाटलं, झालं, एवढंच, पुष्कळ झालं.

अभंग संपत आला. सहादेवबाबांनी लय वाढवली, आणि सवयीप्रमाणे सुटले की पळत.

म्हातारीनं डोळे उघडले. कातड्यावर हलकेच चापटी मारली आणि लटक्या रागानं म्हणाली, "अवो, पळताय कुठं?"

रंगनाथ उठून गोठ्याकडं गेला. माझंही तोंड कुणाला दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून गाडीत जाऊन बसलो. तेवढ्यात फीत संपली.

म्हातारीनं हात उचलला नव्हता. मी फीत मागं फिरवली आणि पुन्हा लावली.