बोलता चढ

नागपूर स्टेशनवरचा चंद्रभान हमाल दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. एक त्याची वेताची खुर्ची आणि दुसरा त्याचा संशय. त्या खुर्चीत बसवून त्याने आणि त्याचा जोडीदार धोंडबाने किती लंगडी, लुळी, थकलेली माणसं पुलाच्या पायऱ्या चढवून पलीकडच्या फलाटावर पोचवली, त्याची गणती नव्हती. संशयाचीही नव्हती. चहावाल्याने साखर सढळ घातली की याला वाटे, आज दूध नासलेलं दिसतं. स्टेशनमास्तर हसून बोलले की म्हणे, यांची बदली आली.

अशा माणसासमोर, एक्क्याऐंशी सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस, रवींद्र गजभिये नावाचा तरुण ओव्हरसिअर टेप आणि वही घेऊन उभा राहिला. पहिल्या दिवशी त्याने पुलाच्या पायऱ्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी तो बाकावर बसून खुर्ची वर कशी जाते ते पाहत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने हमालांना आपण होऊन सगळं सांगितलं. ते अपंगांचं वर्ष होतं. स्टेशनच्या जुन्या दगडी इमारतीला, तिच्या कमानींना धक्का लावायचा नव्हता आणि पुलाला उतार जोडायला जागा नव्हती. म्हणून फलाटाच्या टोकाशी, हमाल सामानाच्या हातगाड्या रूळ ओलांडून नेतात तिथला खडा चढ फोडून, चाकाची खुर्ची जाईल असा नवा चढ बांधायचा होता.

सगळ्यांना पटलं. चंद्रभानला नाही.

"चाकाची खुर्ची आली की आपली गेली," तो धोंडबाला म्हणाला. "आज खुर्ची जाईन, उद्या दंडावरचे बिल्ले. एवढा गोड बोलून राहिला, तो काहून?"

आता हमालांचं एक जुनं माप होतं. भरलेली गाडी वर ढकलताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या, तर तो बोलता चढ. तोंड आपोआप मिटलं, तर मुका चढ. हे माप गजभियेच्या कानावर आलं होतं. त्याच्या कागदातला चढाचा आकडा बाहेरदेशीच्या हलक्या खुर्चीचा होता, आणि इथे येणारी खुर्ची होती लोखंडी, जड. म्हणून त्याने चंद्रभानलाच विचारलं, की फलाटाच्या या उंचीला बोलता चढ हवा असेल तर तो कुठून सुरू करावा?

चंद्रभानला उत्तर झोपेतही आलं असतं. सोळा पावलं. पण तो फलाटाच्या कडेपासून सहाच पावलं चालला आणि टाचेने रेघ ओढली.

"इथून."

"ढकलताना बोलता येईल?"

"गाणं म्हणता येते, साहेब."

गजभियेने त्या रेघेवर चुन्याची फक्की टाकली. चंद्रभानचा डाव सरळ होता. चढ मुका झाला की चाकाची खुर्ची पायथ्याशीच गंजत पडेल आणि वेताची खुर्ची राज्य करील. डाव साधला म्हणून त्याने खूश व्हायचं, तर तो रात्रभर तळमळला. साहेबाने एवढ्या लवकर मानलं कसं?

सकाळी गजभिये पुन्हा हजर. त्याने विचारलं, "खुर्चीत बसणाऱ्याले कसं वाटते, चंद्रभानभाऊ?"

"राजावानी."

"तुम्ही बसून पाहिलं कधी?"

हमालांनी हातातली ओझी खाली ठेवली. कारण त्यांच्यात रीत होती, उचलणाऱ्याने खुर्चीत बसायचं नाही. बसला तर खुर्ची त्याचे पाय मागते, असं म्हणत. पाय मोडेपर्यंत दमलेला धोंडबासुद्धा तिच्या शेजारी जमिनीवर टेके. चंद्रभानने ओळखलं, हाच सापळा. याला वजन बघायचं असेल, एका माणसात काम भागतं का ते बघायचं असेल. पण दहा-बारा जण पाहत होते आणि राजावानी हा शब्द त्याच्याच तोंडून गेला होता. त्याने खुर्चीला नमस्कार केला आणि चुकीच्या प्रवेशात रंगमंचावर आलेल्या नटासारखा तो अवघडून बसला.

धोंडबा आणि चंपतराव नावाच्या हमालाने त्याला उचललं. पाय अधांतरी लोंबू लागले. हात कुठे ठेवावेत ते कळेना. प्रत्येक पायरीला अंग मागे झुके. उतरणारी माणसं कठड्याला चिकटून वाट देत होती आणि बघत होती. एका पोरीने आईला विचारलं, त्या बाबाला काय झालं? आईने तिला गप्प केलं, आणि ते गप्प करणंच त्याला जास्त लागलं. रोजच्या ओळखीच्या पानवाल्याने नजर फिरवली.

मधल्या चौथऱ्यावर पोचेपर्यंत चंद्रभानच्या तोंडावर त्याचाच दुपट्टा आलेला होता. तो कधी ओढला, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

आणि त्या दुपट्ट्याच्या अंधारात त्याला सुभद्राबाई आठवली. नरखेडकडच्या एका खेड्यातली, दोन्ही पायांनी गेलेली बाई. दर दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी यायची. खुर्ची उचलली की पदर तोंडावर ओढायची, तो खुर्ची खाली टेकल्यावरच काढायची. नऊ वर्षं चंद्रभान सगळ्यांना सांगत आला होता, बाईले उंचीचं भेव वाटते. नऊ वर्षं तो तिला मोठ्याने धीर देत आला होता, घाबरू नको वं बाई, चारच पायऱ्या राहिल्या. त्या आवाजाने आणखी चार माणसं वळून बघत.

"ठेव गा," तो म्हणाला.

"अजून अर्धा पूल हाये," धोंडबा म्हणाला.

"ठेव म्हणतो न."

तो स्वतःच्या पायांनी खाली उतरला आणि गजभियेपुढे उभा राहिला. "हे तुमाले कोणं शिकवलं?"

"मायनं. पाय गेल्यावर दोन वर्षं घराबाहेर नाही निघाली ती. उचलू द्यायची नाही."

हेही खरं की बनवलेलं, अशी शंका चंद्रभानच्या मनात येऊन गेलीच. तरी तो फलाटाच्या टोकाशी गेला, पायाने फक्की पुसली, सोळा पावलं मोजली आणि टाच ओढली.

"इथून. काल मी झूट बोललो, साहेब."

"माहीत होतं," गजभिये म्हणाला. "गाणं म्हणता येते म्हणाले, पण गाडी ढकलून नाही दाखवली. म्हणून फक्कीच टाकली, गिट्टी नाही."

जन्मात पहिल्यांदा चंद्रभानला त्याच्या तोडीचा माणूस भेटला होता.

पुढच्या दसऱ्याला सुभद्राबाई आली. लोखंडी खुर्ची धोंडबा ढकलत होता, बिल्ला त्याच्या दंडावरच होता. वेताची खुर्ची सामानाच्या खोलीत भिंतीला लागून होती. तिच्यात कोणी बसत नव्हतं. रूळ ओलांडून चढ लागला तसा चंद्रभानने मुद्दाम धोंडबाला त्याच्या घरच्या म्हशीचं विचारलं. धोंडबा वर पोचेपर्यंत म्हशीबद्दल बोलत होता.

सुभद्राबाईचा पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. तिने मान वर करून ती दगडी इमारत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"भाऊ, हे आता बांधलं का?"

"नाही वं बाई. पहिलेपासूनच हाये."

ती पाहतच राहिली. चंद्रभान शेजारून चालत होता, आणि त्याचा एक हात खुर्चीच्या पाठीमागे, न टेकवता, तयार धरलेला होता. चाकांचा काही भरवसा नव्हता.