मॅचिंग सेंटरवाले भाऊ आणि न दिसणारे रंग

रविवारी फुलपाखरं पाहायला शेताबांधाने हिंडलं की दोन गोष्टी घरी येतात: पँटला चिकटलेली कुसळं आणि किस्से. कुसळं निघतात. किस्से साचत जातात!

आम्ही चौघं उमरखेडचे. मी कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट. गुरुजी निवृत्त शिक्षक. साडीला अस्तर, फॉल, दोरा जुळवून देणारे मॅचिंग सेंटरवाले भाऊ, आणि त्यांच्या पत्नी सुमनवहिनी.

एकदा मी ज्ञान पाजळलं. जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड माणसाला दिसत नाही, फुलपाखराला दिसतो. आपल्याला साधं पिवळं वाटणारं एखादं फूल त्याला मधोमध वेगळ्याच रंगाचं दिसतं.

भाऊंना पटेना. "माह्या दुकानात लालच्याच बावीस छटा हायेत. अजून कुठले रंग!"

मग टपरीवर चहाचा कप तसाच हातात धरून म्हणाले, "म्हंजे हायेत रंग... अन् आपल्याले दिसतच नाहीत?"

इतका हिरमुसलेला माणूस मी पाहिला नव्हता.

*

ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला कापडासकट बाहेर रस्त्यावर, उन्हात नेत. त्याच आठवड्यात एका बाईंनी उन्हात विचारलं, "जुळते ना हो नक्की?"

"मानसाले जुळते, बाई. फुलपाखराचं मी सांगू शकत नाही!"

बाई समोरच्या दुकानात गेल्या.

*

काही पिवळ्या फुलपाखरांत नर आणि मादी आपल्याला सारखेच दिसतात. नराचे पंख मात्र त्या पलीकडच्या उजेडात चमकतात, म्हणून त्यांना एकमेकांची ओळख बरोबर पटते. मी हे सांगितलं तर गुरुजी म्हणाले, "अन् आपन पाच जन घेऊन पोरगी पाहाले जातो, पोहे खातो, तरी मानूस समजत नाही!"

"पोहे तं मी चांगले केलते," वहिनी फणकारल्या.

"मी पोह्याकडे पाह्यलंच नव्हतं," भाऊ हळूच म्हणाले.

*

मग एक दिवस भाऊंनी मरून ब्लाउजला चॉकलेटी दोरा दिला. भाऊंनी! बाई परत आल्या तेव्हा ते ट्यूबलाइटवरच डाफरले आणि नवी ट्यूब लावली. मग बाईंना उन्हात नेलं आणि पुन्हा चॉकलेटीच दिला.

मी त्यांना यवतमाळला घेऊन गेलो. डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा तपासला. गेलेले रंग परत येणार नाहीत, उरलेलंही हळूहळू जाईल, म्हणाले.

भाऊंनी विचारलं, "फुलपाखराचा पडदा बसवता येते का?"

डॉक्टर हसले नाहीत. परतीच्या एसटीत मला राहून राहून वाटत होतं, ज्याचे असलेलेच रंग जाणार होते, त्याला मी नसलेल्या रंगांची हुरहुर कशाला लावली?

*

तरी भाऊंचा रविवार चुकला नाही. आता पाहून सांगायचं काम माझं.

"गुलाबी फूल आहे, भाऊ."

"निस्तं गुलाबी? रानी, का डाळिंबी, का अबोली?"

मला सांगता येईना! शेवटी चार संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसून रंग शिकलो. भाऊंनी ते फळीवरच्या जागेवरून शिकवले. "खालून तिसरा ताका काढ. तो डाळिंबी." हात लावून सांगायचे. एकदाही चुकले नाहीत.

*

वहिनींची रविवारची साडी एकच. काट्यात फाटली तरी चालेल अशी, धुऊन धुऊन राखाडी झालेली. बांधाला लागताना भाऊ दर वेळी विचारतात, "आज कोनती नेसली?"

वहिनी सांगतात. कधी "डाळिंबी", कधी "पिस्ता". साऱ्या भाऊंनीच कधीतरी हौसेनं आणलेल्या. गुरुजी आणि मी आपापल्या बुटांकडे पाहतो.

गेल्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "आज मोरपंखी."

भाऊ बांधावर थांबले. "मोरपंखी तं आपल्या पोरीले देल्ली नं तू? तिच्या लग्नात?"

वहिनींनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

भाऊंनी काठी पुढे टेकवली आणि दुसरा हात वहिनींच्या खांद्यावर ठेवला.

"चाल," ते म्हणाले. "लय साजून राह्यली तुले."